सीमाअण्णांनी न विचारलेला प्रश्न

प्रिय मैत्रेयी आणि निहार,

गेल्या आठवड्यात तुमच्या आईने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला आणि खाली लिहिले, "सीमाअण्णा गेले. किती गोड माणूस!" निहारने मेलबर्नहून विचारले, "आजी, हे कोण?" त्याला कोणी उत्तर दिले नाही. सगळे हात जोडल्याची चित्रे पाठवण्यात गुंतले होते. आता आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चौकाला अण्णांचे नाव द्यायचे घाटते आहे. तुम्ही पुढच्या वेळी याल तेव्हा पाटी लागलेली असेल. ती वाचून तुम्हाला वाटेल, हा कोणी मोठा माणूस होता. म्हणून पाटी लागायच्या आधी लिहून पाठवते. ते गोड होते हे खरे. मोठे नव्हते.

अण्णांना देशाची उत्तर सीमा काढल्याशिवाय जेवण जात नसे. लग्नाच्या पंगतीत केळीच्या पानावर ते भाताचा डोंगर करत, त्यावरून सारूची, म्हणजे इथल्या पातळ साराची, धार सोडून नदी काढत, शेवग्याची शेंग आडवी ठेवत आणि शेजारच्याला सांगत, "ही आपली चौकी. आणि हे बघा, ते इथवर आलेत." 'ते' म्हणजे लिंबाचे लोणचे. आमच्या घरी आले की कॉफीत बोट बुडवून टेबलावर रेघ ओढत. माझा टेबलक्लॉथ पांढरा असे. एकदा मी त्यांच्यापुढे मुद्दाम प्लास्टिकची चटई ठेवली, तर म्हणाले, "वहिनी, यावर रेघ टिकत नाही." मी म्हटले, "म्हणूनच ठेवली आहे." ते खदखदून हसले. स्वतःवरची थट्टा त्यांना कळत असे, पण लागत नसे. हा गुण म्हणायचा की जाड कातडी, हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

सीमाअण्णा हे नाव तुमच्या आजोबांनी ठेवले आणि ते बंगळूरच्या आमच्या चामराजपेटेत इतके रुजले की खुद्द अण्णाही फोनवर "मी सीमाअण्णा बोलतोय" म्हणू लागले. त्यांचे घराणे सतराव्या शतकात मराठा फौजांबरोबर इकडे आलेले. आम्ही पुण्याहून कारखान्याच्या नोकरीसाठी आलो, म्हणजे त्यांच्या हिशेबी कालपरवाचे. इथे आमचे सगळे आयुष्य गेले, तुमची आई इथे जन्मली, तरी अण्णा म्हणत, "तुम्ही नवे लोक, तुम्हाला स्वल्प वेळ लागेल." त्यांच्या मराठीत तीन शब्दांमागे एक कन्नड शब्द असे आणि ते मराठी कानाला छान वाटे. ते खासदार होते. आधी सत्तेच्या बाकावर, मग पक्ष हरला म्हणून विरोधी बाकावर, आणि शेवटी पक्ष बदलून पुन्हा सत्तेच्या.

माणसाला उपयोगी पडणे हा त्यांचा धर्म होता, हे मी नाकारणार नाही. पाण्याचा टँकर, गॅसचे सिलिंडर, शाळेतला प्रवेश, सगळ्याला अण्णा. तुमच्या आजोबांना रात्री छातीत कळ आली तेव्हा हॉस्पिटलमध्ये खाट त्यांनीच मिळवून दिली आणि सकाळपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिले. आजोबा गेले तेव्हा भटजींच्या आधी अण्णा हजर. खांदा दिला, आणि नंतर स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला म्हणाले, "वहिनी, आज काही बोलायचं नाही. कॉफी मी करतो." केली, आणि चांगली केली. तुमची आई त्यांना गोड म्हणते ते या आठवणीवर. त्या दिवसापुरते तिचे बरोबर आहे.

पण माणूस गल्लीत कसा वागतो यावर खासदाराची किंमत ठरवायची नसते. ते सत्तेत होते तेव्हा सीमेवर काही खुट्ट झाले की टीव्हीवर दोन्ही हात वर करून म्हणत, "जवान लढत असताना प्रश्न विचारणारा शत्रूचा माणूस." विरोधात गेल्यावर त्याच सीमेविषयी, त्याच टीव्हीवर, तेच दोन हात वर करून म्हणू लागले, "प्रश्न विचारणं हेच खरं देशकार्य." मी त्यांना एकदा विचारले, "अण्णा, यातलं नक्की कोणतं?" तर म्हणाले, "दोन्ही, वहिनी. वेळ बघावी लागते." वेळ म्हणजे निवडणुकीची.

आणखी एक गंमत सांगते. आपल्या इथल्या मराठी माणसाला जी एक सीमा खरोखर बोचते, ती बेळगावची. तिच्यावर अण्णा आयुष्यात एक अक्षर बोलले नाहीत. कोणी विषय काढलाच तर "अय्यो, ते कोर्टात आहे की" म्हणून चप्पल शोधू लागत. मराठी मतदार एका बाजूला, कन्नड मतदार दुसऱ्या बाजूला, कुठल्याही बाजूने दगड येण्याची शक्यता. हिमालयाचे तसे नाही. त्याच्याबद्दल कितीही शौर्य गाजवा, चामराजपेटेत काच फुटत नाही.

तुमचे आजोबा विमानांच्या सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात होते. ते एकदा अण्णांना म्हणाले, "आमचा माणूस भाग विमानाला बसवायच्या आधी हातात घेऊन बघतो. खोट दिसली की तिथेच लाल खूण करतो, जबाबदार माणसाला बोलावून उत्तर मागतो. तो फाटकावर उभा राहून बोंब मारत नाही, आणि कारखाना आपलाच आहे म्हणून डोळे मिटून सहीही करत नाही. विरोधी पक्षाचं काम याहून वेगळं नाही."

अण्णा म्हणाले, "सरी, बरोबर आहे, साहेब. पण तुमच्या माणसाला पाच वर्षांनी मतं मागायला जावं लागत नाही ना?"

मी म्हटले, "मतं मागायची म्हणून विमान पडू द्यायचं का?" अण्णांनी कॉफीचा घोट घेतला आणि रेघ ओढायला सुरुवात केली.

आता वत्सलाक्काची गोष्ट. आमच्या शेजारच्या दारात राहते, अण्णांसारख्याच जुन्या मराठी घरातली. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. नवरा लवकर गेला, एकुलता मुलगा संतोष फौजेत, इंजिनिअर पलटणीत हवालदार, उत्तरेच्या सीमेवर. एका उन्हाळ्यात तो सुट्टीवर आला तेव्हा सहज बोलून गेला की या हिवाळ्यातही बहुतेक तंबूतच राहावे लागेल, पक्के निवारे मंजूर झालेत म्हणतात, पण सामान वर पोचलेले नाही. लगेच म्हणाला, "आई, हे कुणाजवळ बोलू नकोस."

वत्सलाक्का बोलली ती एकाच माणसाजवळ, जो बोलण्यासाठीच निवडून गेला होता. अण्णा तेव्हा विरोधी बाकावर होते आणि संरक्षण खात्याचे काम बघणाऱ्या संसदेच्या समितीवर होते. त्या समितीत दारे बंद असतात. पत्रकार नसतात, आणि आत काय झाले ते बाहेर सांगायचे नसते. खात्याच्या अधिकाऱ्यांना मात्र उत्तर द्यावेच लागते. वत्सलाक्का त्यांच्या घरी गेली, मीही सोबत होते. ती म्हणाली, "अण्णा, माझ्या पोराचं नाव नको, चौकीचं नाव नको. फक्त एवढं विचारा, निवाऱ्यांचं सामान बर्फ पडायच्या आत वर जाणार की नाही."

"विचारतो अक्का, नक्की विचारतो," अण्णा म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती त्यांच्याहून वयाने मोठी होती.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. अण्णा दिल्लीहून येत, दारावरून जाताना हात करत, "चाललंय अक्का, चाललंय!" मग ऐन थंडीत बातमी आली की सीमेवर चकमक झाली. कुठे, किती जण, काही कळेना. संतोषचा फोन लागेना. वत्सलाक्का दिवसरात्र टेलिफोनजवळ बसून असे. जन्मभर जगाचे फोन जोडून देणाऱ्या बाईला स्वतःच्या मुलाचा आवाज मिळेना.

पहिले काही दिवस अण्णा गप्प होते. ते मला पटले होते. मुले तिथे समोरासमोर उभी असताना इथे गळा काढू नये, सरकारच्या मागे उभे राहावे, असे मला आजही वाटते. पण गप्प राहणे वेगळे आणि दबा धरणे वेगळे. अण्णा दबा धरून होते. पक्षाचा आदेश आला आणि मैदानात सभा ठरली. त्यांचा एक कार्यकर्ता वत्सलाक्काच्या कपाटावरचा संतोषचा गणवेशातला फोटो 'मोठा करून आणतो' म्हणून घेऊन गेला. अण्णा स्वतः तिला बोलवायला आले. ती फक्त म्हणाली, "दिल्लीहून काही कळलं का?" ते म्हणाले, "तिथेच या अक्का. मोठे लोक येणार आहेत, त्यांना विचारू." म्हणून ती गेली. मुलाची खबर मिळेल म्हणून गेली. तुम्ही हे लक्षात ठेवा, कारण दुसऱ्या दिवशी पेपरात आले की ती सरकारचा निषेध करायला गेली होती.

व्यासपीठावर तिला शाल दिली, हातात नारळ दिला. मी खाली पहिल्या रांगेत होते. मोठ्या नेत्याचे भाषण झाले, मग अण्णा उठले. सरकारने देशाची जमीन गमावली, देशाची अब्रू गमावली, आणि या माऊलीने काय गमावले ते बघा, असे म्हणून त्यांनी बाजूच्या चौकटीवरचा कपडा ओढला. आत संतोषचा फोटो होता, माणसाएवढा. त्याला चंदनाचा हार घातलेला होता आणि खाली समई तेवत होती.

तुम्ही तिकडे वाढलात, म्हणून सांगते. आपल्याकडे चंदनाचा हार मेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात. जिवंत माणसाच्या फोटोला चुकून फूल खोचले तरी आया दचकतात.

नारळ खुर्चीवर ठेवून वत्सलाक्का फोटोपाशी गेली आणि हार ओढू लागली. तो तारेने बांधला होता, सुटेना. माझ्या पर्समध्ये छोटी कात्री असते, त्यावरून तुमचे विमानतळावरचे लोक माझ्याशी भांडतात. मी वर गेले आणि तार कापली. तिने हार खाली टाकला, फुंकर मारून समई विझवली. पुढे बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले, हाही कार्यक्रमाचाच भाग.

मग ती माइकपाशी गेली आणि कन्नडमध्ये म्हणाली, "माझा मुलगा गेल्याचं मला कुणी कळवलेलं नाही. तुम्हाला कळवलंय का, अण्णा?"

अण्णांनी माइक हाताने झाकून मराठीत म्हटले, "अक्का, स्वल्प बसा. टीव्ही चालू आहे."

आम्ही फोटो उचलला आणि निघालो. पक्षाची गाडी नको म्हणून रिक्षा केली. चौकट आत मावेना. रिक्षावाला म्हणाला, "स्वल्प तिरकी करा, अम्मा," आणि उतरून त्याने स्वतः एक बाजू धरली. वत्सलाक्का घरी पोचेपर्यंत संतोषच्या गळ्यावरून पदराने काच पुसत होती.

त्या रात्री सरकारी पक्षाचे प्रवक्ते टीव्हीवर बसले. त्यांनी अण्णांना शत्रूचे दलाल म्हटले, वत्सलाक्काला दिशाभूल झालेली बाई म्हटले. तो जवान कुठे आहे, हे त्यांनीही कुणाला विचारले नाही. माझ्या तिरस्कारात मी पक्षभेद करत नाही.

संतोषचा फोन त्यानंतर थोड्याच दिवसांत आला, फौजी हॉस्पिटलमधून. "आई, मी आहे. उजव्या पायाची बोटं गेली. चकमकीत नाही, थंडीने." वत्सलाक्काने रिसीव्हर खाली ठेवला नाही, माझ्या हातात दिला आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसली.

संध्याकाळी अण्णा पेढे घेऊन आले. मागे फोटोग्राफर. वत्सलाक्काने फोटोग्राफरला जिन्यातच थांबवले. अण्णा आत येऊन बसले आणि म्हणाले, "हाराचं फार वाईट वाटलं, अक्का. मंडपवाल्याने सवयीने घातला."

सवयीने. या एका शब्दासाठी मी हे सगळे लिहिते आहे असे समजा. या लोकांना जवानाच्या फोटोचा एकच उपयोग ठाऊक असतो, म्हणून मंडपवाल्याचा हात आपोआप हाराकडे जातो. जिवंत जवानाला पक्का निवारा लागतो, जोडे लागतात, रॉकेल लागते, आणि त्यासाठी कुणाला तरी कंटाळवाणे प्रश्न विचारावे लागतात. मेलेल्याला फक्त व्यासपीठ पुरते.

वत्सलाक्काने विचारले, "समितीत विचारलंत का, अण्णा? निवाऱ्यांचं?"

ते पेढ्यांच्या डब्याची दोरी सोडू लागले. खोटे बोलले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. म्हणाले, "राहिलं, अक्का. तिथे आत कॅमेरे नसतात. बंद दाराआड विचारलेलं कुणाला कळणार? विरोधी पक्षात आवाज बाहेर ऐकू जावा लागतो."

"मला बाहेर ऐकायचं नव्हतं," ती म्हणाली. "मला तिथे छप्पर हवं होतं."

"सरी, पुढच्या अधिवेशनात बघू."

"पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या बायकांची पोरं असतील तिथे. तुम्ही आता या."

अण्णा उठले. दारात मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही तरी समजवा." मी त्यांचे पेढे त्यांच्या हातात दिले. त्या दिवसानंतर ते आमच्या टेबलाशी कधी बसले नाहीत.

वत्सलाक्काने मग तिला येते ते काम केले. समितीतल्या सगळ्या सभासदांना फोन लावले. सभासदांची नावे गुप्त नसतात. एक्स्चेंजमधला जुना आवाज काढून ती इंग्रजीत म्हणे, "बँगलोर कॉल फॉर द मेंबर, प्लीज होल्ड," आणि पलीकडचे सेक्रेटरी घाबरून खरेच होल्ड करत. बहुतेकांनी ऐकून घेतले आणि विसरले. काहींनी तिलाच सभेला बोलावले! एका बाईंनी मात्र शेवटपर्यंत ऐकले. दूरच्या राज्यातल्या, छोट्या पक्षाच्या, विरोधी बाकावरच्याच. त्यांनी हिंदीत विचारले, "सामान किस महीने तक ऊपर जाना चाहिए?" मग म्हणाल्या, "मी तिथे काय विचारीन ते तुम्हाला कधी सांगणार नाही. सांगायचं नसतं. पुन्हा फोन करू नका." वत्सलाक्काने केला नाही.

त्या बाई कधी सीमेवर भाषण करताना दिसल्या नाहीत. पुढची निवडणूक हरल्या. त्यांचे नाव मला ठाऊक आहे, पण तुम्हाला सांगत नाही, कारण त्यांना ते आवडले नसते.

अण्णा मात्र निवडून आले, पक्ष बदलून. मग पुन्हा टीव्हीवर म्हणू लागले की सीमेच्या प्रश्नात राजकारण आणू नये. शेवटची वर्षे आजारपणात गेली. ते गेल्यावर अंगणात वाद झाला, अंगावर कोणत्या पक्षाचा झेंडा घालायचा. दोन्ही पक्षांचे लोक आपापला घेऊन आले होते. त्यांची बायको आतून म्हणाली, "एकही नको, त्यांना उकडतं," आणि तिने स्वतःची जुनी सुती साडी घातली. वत्सलाक्काने त्या घरी तीन दिवस दहीभात पोचवला. मी गेले, नमस्कार केला, आणि हॉस्पिटलबाहेरच्या बाकावर बसलेला माणूस आठवून मला रडू आले. ते त्यांच्यातल्या शेजाऱ्यासाठी होते. खासदारासाठी माझ्याकडे काही नव्हते, आजही नाही.

संतोषला फौजेने सोडले. इथून जवळच्या होसकोट्याच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर आहे, बुटात कापूस भरून चालतो. पुढच्या वर्षी त्याच्या पलटणीतला एक मित्र सुट्टीवर आला, तेव्हा सांगत होता की बर्फ पडायच्या आधी सामान वर पोचले. ते त्या बाईंच्या प्रश्नामुळे पोचले, याचा माझ्याकडे पुरावा नाही आणि मी तसा दावा करणार नाही. त्या चौकीवरचे निवारे अजून उभे आहेत. मुले त्यांत झोपतात.

तुमची आजी